डेल्टा जी नॉट धन असूनही दोरीवरचे कपडे वाळतात कसे?

पुनव (धागाकर्ती) | रविवार, सायंकाळी ६.१०

नमस्कार. आमच्या म्हापशाच्या घरात सध्या आषाढातले नेहमीचे दृश्य आहे. पडवीत तीन दोऱ्या बांधल्या आहेत, त्यांवर परवा धुतलेले कपडे अजून लोंबत आहेत आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांच्याखालून वाकून ये-जा करावी लागते. बारावीतली माझी मुलगी तेथेच बसून रसायनशास्त्राचा अभ्यास करत होती, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाने माझी वीस वर्षांपूर्वीची बी.एस्सी. उघडी पडली.

तिच्या शिकवणीच्या टिपणात तीन वाक्ये चौकटीत छापलेली आहेत. डेल्टा जी नॉट (अभिक्रियेत मुक्त ऊर्जेत होणारा प्रमाण बदल) ऋण असेल तर अभिक्रिया आपोआप घडते, धन असेल तर घडत नाही, आणि शून्य असेल तर समतोल असतो. मुलीने पुस्तकातील तक्ता काढून पाण्याच्या बाष्पीभवनाचे गणित केले. द्रवरूप पाण्याची प्रमाण मुक्त ऊर्जा उणे २३७.१३ आणि वाफेची उणे २२८.५७ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला द्रवाची वाफ होताना डेल्टा जी नॉट अधिक ८.५६ किलोज्यूल. मग तिने दोरीकडे बोट दाखवून विचारले, "आई, चौकटीतले वाक्य खरे असेल तर हे कपडे कधीच वाळायला नकोत. तू मग बाहेर कशाला घालतेस?"

मी प्रथम "उष्णता बाहेरून मिळते" असे उत्तर देऊन पाहिले. ते तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही, कारण तक्त्यातील आकड्यात उष्णतेचा हिशेब आधीच धरलेला असतो. शिकवणीत विचारल्यावर "परीक्षेत जे लिहायचे ते लिही" एवढेच उत्तर मिळाले. मुक्त ऊर्जा आणि समतोल यांचा नेमका संबंध येथील जाणकारांनी कृपया उलगडून सांगावा. गणित आले तरी चालेल. मुलगी माझ्याबरोबर वाचत आहे.

अंत्रुज | रविवार, रात्री ९.३५

पुनवताई, मुलीला आधी शाबासकी द्या. उच्च माध्यमिकला तीस वर्षे हा धडा शिकवताना असा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला, आणि त्यातल्या पहिल्याला मीही उडवाउडवीचे उत्तर दिले होते.

त्या चौकटीतील तिन्ही वाक्यांतून 'नॉट' हा शब्द पुसून टाकावा. मग स्थिर तापमान आणि स्थिर दाब धरून तिन्ही वाक्ये अचूक ठरतात. अभिक्रियेची दिशा डेल्टा जी ठरवते. डेल्टा जी नॉट ही वेगळी राशी आहे. डोक्यावरच्या त्या चिमुकल्या वर्तुळाचा अर्थ असा की प्रत्येक पदार्थ आपापल्या प्रमाण अवस्थेत आहे असे मानलेले आहे. वाफेच्या बाबतीत ती अवस्था म्हणजे १ बार दाबाची वाफ. तुमच्या मुलीने काढलेला अधिक ८.५६ हा आकडा ओल्या सदऱ्याभोवती २५ अंशांवर पूर्ण १ बार दाबाची नुसती वाफ भरलेली आहे अशा एका काल्पनिक पडवीबद्दल बोलतो. तशा पडवीत कपडे वाळणार नाहीत हे खरेच आहे. उलट वाफेचे पाणी होऊन ते अधिक भिजतील. आपल्या पडवीत मात्र हवेतील वाफेचा दाब त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकाही नसतो.

प्रत्यक्षातील परिस्थिती समीकरणात आणण्यासाठी क्यू ही राशी वापरतात. तयार झालेल्या पदार्थांची या क्षणीची प्रमाणे वर आणि मूळ पदार्थांची खाली, असा तो भागाकार असतो, आणि समीकरण असे आहे:

डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आर टी × एलएन क्यू

येथे एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम, आर हा वायू स्थिरांक, टी हे केल्विनमधील तापमान, आणि २५ अंशांवर आर टी म्हणजे २.४७९ किलोज्यूल प्रति मोल. शुद्ध द्रवाची सक्रियता, म्हणजे समीकरणात घालायचे प्रभावी प्रमाण, १ धरतात, त्यामुळे बाष्पीभवनात क्यू म्हणजे हवेतील वाफेचा बारमधील दाब, दुसरे काही नाही. आता समतोल केव्हा होईल? डेल्टा जी शून्य होईल तेव्हा. त्या क्षणीच्या क्यूला आपण के, म्हणजे समतोल स्थिरांक म्हणतो. म्हणून डेल्टा जी नॉट = उणे आर टी × एलएन के. मुलीला पुढचे स्वतः करू द्या: उणे ८.५६ भागिले २.४७९ म्हणजे उणे ३.४५, आणि त्यावरून के येतो ०.०३१६ बार, म्हणजे पाऱ्याचे सुमारे २४ मिलिमीटर. कोणत्याही पुस्तकात २५ अंशांवरील पाण्याचा संपृक्त बाष्पदाब उघडून पाहा, हाच आकडा सापडेल. ज्या धन आकड्यामुळे "कपडे वाळणार नाहीत" असे वाटले, त्याच आकड्यात "हवेत इतकी वाफ साठेपर्यंत कपडे वाळत राहतील" ही माहिती दडलेली होती.

दोन्ही समीकरणे एकत्र केली की डेल्टा जी = आर टी × एलएन (क्यू भागिले के) असे रूप मिळते. माझ्या मते धड्याची सुरुवात येथून करायला हवी. आपली पुस्तके मात्र शेवटच्या पानावर येथे पोहोचतात. यात डेल्टा जी नॉट स्वतंत्रपणे दिसतच नाही, कारण ते के या आकड्याचेच दुसरे नाव आहे. आणि बाष्पीभवनात क्यू भागिले के या गुणोत्तराला आपण रोज एका वेगळ्याच नावाने ओळखतो: सापेक्ष आर्द्रता. जानेवारीतील दुपारी आर्द्रता ६० टक्के असेल तर डेल्टा जी उणे १.२७ किलोज्यूल प्रति मोल. आषाढात ती ९० टक्के असेल तर केवळ उणे ०.२६, आणि १०० टक्के झाली की शून्य. तुमच्या दोऱ्यांवरचे कपडे त्या उणे ०.२६च्या आधारावर वाळण्याचा प्रयत्न करत आहेत.

आगरवाट | सोमवार, सकाळी ७.२०

सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे घर पेडण्यातील आगरवाड्याकडचे, आणि आमच्या कुटुंबात मिठागराचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रसायनशास्त्र मी बारावीनंतर सोडले, परंतु हे वाचताना मिठागर डोळ्यांसमोर आले.

भरतीचे पाणी आधी मोठ्या कोंडीत घेतले जाते, तेथून ते टप्प्याटप्प्याने उथळ वाफ्यांत सोडले जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर ऊन आणि वारा त्यातले पाणी नेत राहतात. शेवटच्या वाफ्यात दुपारी उन्हे तापल्यावर पाण्याच्या पृष्ठभागावर प्रथम एक पांढुरकी साय धरते. जवळून पाहिले तर ती साय नसते. उलट्या ठेवलेल्या पोकळ पिरॅमिडसारखे मिठाचे बारीक खडे पाण्यावर तरंगत असतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की जड होऊन तळाशी बसतात. त्या क्षणापर्यंत त्या पाण्यात टाकलेले मीठ विरघळते. त्या क्षणानंतर टाकलेले मीठ विरघळत नाही. मिठाचे विरघळणे "आपोआप घडणारे" आहे असे आम्हाला शाळेत शिकवले होते. मग दुपारी दोन वाजता ते उलटे का फिरते, याचे उत्तर याच समीकरणात असावे असे वाटते. शिवाय एक घरगुती शंका: पावसाळ्यात भरणीतल्या मिठाला पाणी का सुटते? तेथे तर ऊन, आटणे, काहीच नाही.

अंत्रुज | सोमवार, दुपारी १.०५

आपण कपड्यांचे नेमके उलटे उदाहरण दिलेत, त्याबद्दल आभार. कपड्यांच्या बाबतीत डेल्टा जी नॉट धन आहे आणि तरी क्रिया पुढे जाते. मिठाच्या विरघळण्याचे डेल्टा जी नॉट ऋण आहे, सुमारे उणे ९.० किलोज्यूल प्रति मोल, आणि तरी मिठागरात ती क्रिया मागे फिरते. उणे ९.०वरून के सुमारे ३८ येतो. येथे क्यू म्हणजे सोडियम आणि क्लोराइड या आयनांच्या सक्रियतांचा गुणाकार. संपृक्त द्रावणात एक किलो पाण्यामागे सुमारे ६.१ मोल मीठ असते, आणि ६.१चा वर्ग ३७च्या थोडा वर जातो. इतक्या दाट द्रावणात संहतीऐवजी सक्रियता मोजावी लागते, पण नेमक्या संपृक्त मिठाच्या पाण्यात तो दुरुस्तीचा गुणक योगायोगाने १च्या अगदी जवळ येतो, म्हणून हे साधे गणित जमते. समुद्राच्या पाण्यात क्यू फारच लहान असतो. ऊन पाणी नेते, क्यू वाढत जातो, आणि तो ३८ ओलांडतो त्या घटकेला डेल्टा जी ऋणाचे धन होते. आपली ती पांढुरकी साय म्हणजे चिन्ह बदलल्याची खूण.

भरणीचे उत्तर याच्या पोटातच आहे. संपृक्त मिठाच्या पाण्यावरील वाफेचा समतोल दाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ७५ टक्केच असतो. हवेतील आर्द्रता त्याहून कमी असेल तर मीठ कोरडे राहते. अधिक असेल तर हवेतील वाफच मिठावर येऊन त्याचे द्रावण करते, कारण त्या दिशेने डेल्टा जी ऋण असते. त्यात आपले जाडे गावठी मीठ पूर्ण शुद्ध नसते. त्यातील मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्के आर्द्रतासुद्धा पाणी ओढायला पुरते. म्हणूनच पाकिटातील मिठापेक्षा ते आधी पाझरते.

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी ३.४०

चर्चा उत्तम चालली आहे. एक मूलभूत शंका विचारतो. उतारावर सोडलेले पाणी तळ गाठूनच थांबते. मग उत्पादिताची मुक्त ऊर्जा मूळ पदार्थापेक्षा कमी असेल तर सगळाच पदार्थ उत्पादितात का जात नाही? मध्येच कोठेतरी थांबून "समतोल झाला" म्हणण्याचे कारण काय? सरांच्या समीकरणातून तसे घडते हे दिसते, पण का घडते ते दिसत नाही.

मांडवीकाठ | सोमवार, रात्री १०.१५

मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून या शंकेचे उत्तर एका प्रयोगातून देतो.

ग्लुकोजचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात. दोन्ही ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवतात, परंतु वेगवेगळ्या प्रमाणात: शुद्ध अल्फाचे विशिष्ट घूर्णन अधिक ११२ अंश, शुद्ध बीटाचे अधिक १८.७ अंश. शुद्ध अल्फा पाण्यात विरघळवून ते द्रावण काचेच्या लांब नळीत भरावे, नळीत बुडबुडा राहिला नाही ना ते उजेडासमोर धरून पाहावे, आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्यासमोर पोलॅरिमीटरमध्ये, म्हणजे हे घूर्णन मोजणाऱ्या यंत्रात, ठेवावे. डोळा लावला की वर्तुळाचे दोन अर्धभाग दिसतात. ते सारखे मंद होईपर्यंत चकती फिरवून कोन वाचायचा. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले की दोन्ही अर्धभाग पुन्हा असमान झालेले असतात, कारण कोन सरकलेला असतो. तो सरकत सरकत काही तासांनी ५२.७ अंशांना समतुल्य अशा जागी थांबतो. दुसऱ्या दिवशी शुद्ध बीटा घेऊन हाच प्रयोग केला तर घूर्णन १८.७वरून वर चढते आणि थांबते तेही ५२.७लाच. त्या जागी सुमारे ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असते. विद्यार्थ्यांना मी नेहमी दोन गटांत विभागून दोन टोकांकडून सुरुवात करायला लावत असे, कारण दोन वेगळ्या वह्यांत एकच शेवटचा आकडा आलेला पाहिल्याशिवाय समतोल हा शब्द पोकळ राहतो.

आता हिशेब. ६४ भागिले ३६ म्हणजे के सुमारे १.७८, आणि त्यावरून डेल्टा जी नॉट उणे १.४३ किलोज्यूल. म्हणजे एक मोल शुद्ध अल्फाची पातळी शून्य मानली तर एक मोल शुद्ध बीटाची पातळी उणे १.४३. तिसरी घंटा यांच्या म्हणण्याप्रमाणे सर्व काही बीटा व्हायला हवे. परंतु वाटेत एक गोष्ट घडते: दोन प्रकारचे रेणू एकमेकांत मिसळतात, आणि मिसळण्यामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचे माप, वाढते. मुक्त ऊर्जा म्हणजे एन्थाल्पी (स्थिर दाबावर उष्णतेचा हिशेब ठेवणारी राशी) उणे तापमान गुणिले एन्ट्रॉपी. त्यामुळे मिश्रणाची मुक्त ऊर्जा त्या मिसळण्यापुरती आणखी खाली जाते. ३६ आणि ६४ या प्रमाणाला केवळ मिसळण्याचा वाटा उणे १.६२ येतो, त्यात बीटाचा वाटा, ०.६४ गुणिले उणे १.४३ म्हणजे उणे ०.९२, मिळवला की मिश्रणाची पातळी उणे २.५३ किलोज्यूल होते. शुद्ध अल्फा शून्यावर, शुद्ध बीटा उणे १.४३वर आणि मिश्रण उणे २.५३वर. उताराचा तळ दुसऱ्या टोकाला नाही, मध्येच आहे. शुद्ध बीटासुद्धा त्या तळापेक्षा उंचावर बसलेले आहे, म्हणून तेही खाली घरंगळते.

या दरीच्या चित्रात डेल्टा जी म्हणजे आपण उभे आहोत त्या जागेचा चढ-उतार, आणि तळाशी तो शून्य असतो. डेल्टा जी नॉट हाही एका जागेचा उतारच आहे, परंतु ती जागा ठरलेली: जेथे क्यू बरोबर १ आहे, म्हणजे येथे अल्फा आणि बीटा समसमान आहेत. डेल्टा जी नॉट शून्य नसतानाही समतोल होतो तो यामुळेच. दरीचा तळ त्या ठरलेल्या जागीच असावा अशी काही सक्ती नाही.

ही सर्व दृष्टी येल विद्यापीठातील जोसाया विलर्ड गिब्ज यांची. १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ निबंधात ती मांडलेली आहे. जी हे अक्षर त्यांच्याच नावाचे.

खाजन | मंगळवार, सकाळी ८.५०

दरीच्या चित्राला गोव्यातली एक जोड सुचवावीशी वाटते. आमच्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधात मानस म्हणजे पाण्याचे झडपेचे दार असते. शेताकडचे पाणी आणि नदीचे पाणी यांच्या पातळीत जो फरक असतो तोच पाणी कोणीकडे जाईल ते ठरवतो. बांध समुद्रसपाटीपासून किती उंच आहे याला महत्त्व नाही. क्यू आणि के यांच्या तुलनेचे तसेच नाही का? आणि मानस म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा उत्प्रेरक: दार उघडले की पाणी वाहू लागते.

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ११.३०

पहिला अर्धा भाग मला फार आवडला. दुसरा मात्र धोक्याचा आहे. मानसीची झडप भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाऊ देते. ते एकाच दिशेचे दार आहे, आणि उत्प्रेरक नेमका तसा असू शकत नाही. वरच्याच प्रयोगात ग्लुकोजच्या द्रावणात अमोनियाचा थेंब टाकला तर काही तासांचे काम झटपट आटोपते, परंतु कोन थांबतो तो ५२.७लाच, वरून आलात तरी आणि खालून आलात तरी. पुढे जाण्याचा वेग जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने मागे येण्याचाही वाढतो. एकाच दिशेला मदत करणारा उत्प्रेरक सापडला असता तर तो एकदा टाकून आणि एकदा काढून फुकटची ऊर्जा कायमची मिळवता आली असती.

आणखी एक फरक सांगून ठेवतो. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की मानसीतला प्रवाह थांबतो. समतोलातील ग्लुकोजमध्ये मात्र अल्फाचे बीटा आणि बीटाचे अल्फा होणे चालूच असते. फक्त दोन्ही वेग समान झाल्यामुळे कोन हलत नाही. आणि दरी कितीही खोल असली तरी घरंगळायला किती वेळ लागेल हे मुक्त ऊर्जा सांगत नाही. तो वेगळा धडा आहे.

डिचोलीकर | मंगळवार, सायंकाळी ५.४५

समतोल न ओळखल्यामुळे पैसा कसा वाया जातो, याची एक खरी गोष्ट आमच्या क्षेत्रातली आहे. आमोण्याला कच्च्या लोखंडाची झोतभट्टी आहे, त्यामुळे आमच्या तालुक्यात हा विषय अगदीच परका नाही. झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइड वायू लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. एकोणिसाव्या शतकात भट्टीच्या माथ्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत बराच कार्बन मोनॉक्साइड न वापरलेला आढळत असे. वायूला खनिजाशी पुरेसा वेळ संपर्क मिळत नाही असा समज होऊन इंग्लंडमध्ये भट्ट्या उंच, आणखी उंच, सुमारे ३० मीटरपर्यंत बांधण्यात आल्या. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण काही हलले नाही. ही हकीकत ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पुढे सांगितली आहे. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे फेरस ऑक्साइडचे लोखंड होताना, १००० अंश सेल्सिअसला समतोल स्थिरांक (कार्बन डायऑक्साइड भागिले कार्बन मोनॉक्साइड) सुमारे ०.४ असतो. म्हणजे वायूच्या १०० रेणूंपैकी ७१ कार्बन मोनॉक्साइडचे राहणारच. भट्टीची उंची काहीही असो. तापमान न बदलता उंची वाढवणे म्हणजे के बदलेल अशी आशा धरून बसणे होते.

सांजवात | मंगळवार, रात्री ८.००

तापमानाचा उल्लेख आला म्हणून विचारते. जुन्या काळी आपल्याकडे शिंपल्या भट्टीत भाजून चुना करत असत. तेथे तापमान के बदलते असे म्हणायचे का?

अंत्रुज | मंगळवार, रात्री ९.२०

होय, तेच म्हणायचे. शिंपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होताना एन्थाल्पी १७८ किलोज्यूलने वाढते, आणि वायू सुटल्यामुळे एन्ट्रॉपी प्रति केल्विन सुमारे १६० ज्यूलने वाढते. साध्या तापमानाला पहिला आकडा भारी पडतो आणि डेल्टा जी नॉट अधिक १३० येते. तापमान वाढवले की एन्ट्रॉपीचा गुणाकार वाढत जातो, आणि १७८००० भागिले १६० या हिशेबाने सुमारे १११० केल्विनला, म्हणजे ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास, दोघांची बरोबरी होते. प्रत्यक्ष मोजमापात ते तापमान ९००च्या जवळ निघते, कारण एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी हे दोन्ही आकडे तापमानानुसार थोडे बदलतात. भट्टीतून वारा खेळता ठेवण्याचे एक कारणही येथेच आहे: सुटलेला वायू निघून गेला की क्यू लहान राहतो. तोच चुना विरवून भिंतीला लावला की साध्या तापमानाला तो हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा घेतो आणि भिंतीवर, एका अर्थाने, पुन्हा शिंपली होते.

पुनव (धागाकर्ती) | बुधवार, रात्री ९.५०

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस जेवणानंतर आम्ही दोघी हा धागा वाचत बसतो.

मुलीने पहिल्या प्रयत्नात एक गंमतीची चूक केली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. तिने ८.५६ किलोज्यूल घेतले आणि आर मात्र ८.३१४ ज्यूलमध्ये ठेवला. के आला ०.९९७ बार. तो वाचून ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, "आई, या हिशेबाने तुझ्या तांब्यातले पाणी आता उकळायला लागले पाहिजे." मग हजाराने गुणून सर्व नीट झाले. उत्तर चुकल्याचे तिला पुस्तकाच्या मागच्या पानावरून कळले नाही, तांब्याकडे पाहून कळले, याचे मला जास्त समाधान वाटले.

आता तिचा पुढचा प्रश्न. आमच्याकडे आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र आहे. ते आज पडवीत ८८ दाखवत होते. म्हणजे डेल्टा जी उणे ०.३२ किलोज्यूल. आकडा लहान असला तरी ऋण आहे, आणि कपडे पाच दिवस दोरीवर आहेत. पाणी गळत नाही, हाताला ओले लागत नाही, पण सुती चादर अजून सर्दच आहे. ऋण डेल्टा जी असताना ती सर्दच का राहते? वेळ कमी पडला म्हणायचे, की आमचे गणित कोठेतरी चुकले?

अंत्रुज | बुधवार, रात्री १०.४०

गणित बरोबर आहे, पण ते मोकळ्या पाण्याचे आहे. चादरीतील मोकळे पाणी त्या उणे ०.३२वर केव्हाच निघून गेले. जे उरले ते सुताच्या धाग्यांतील सेल्युलोजला धरून बसलेले पाणी आहे. त्याची मुक्त ऊर्जा मोकळ्या पाण्यापेक्षा कमी असते, म्हणून त्याच्यासाठी आपण १ धरलेली सक्रियता चालत नाही. जितके पाणी निघून जाईल तितके उरलेले अधिक घट्ट धरलेले असते आणि त्याची सक्रियता आणखी उतरते. ती ०.८८वर आली की हवेतील वाफेशी बरोबरी होते आणि डेल्टा जी शून्य. ६५ टक्के आर्द्रतेतही सुती कापड आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरून असते. ८८ टक्क्यांना त्याहून बरेच जास्त.

म्हणजे चादर वाळायची राहिलेली नाही. ती तुमच्या पडवीशी समतोलात पोहोचली आहे, आणि आणखी चार दिवस ठेवली तरी तशीच राहील. कोरडी हवी असेल तर इस्त्री फिरवा आणि लगेच कपाटात घालून दार लावून घ्या.

पुनव (धागाकर्ती) | बुधवार, रात्री ११.०५

तिन्ही दोऱ्या आत्ताच उतरवल्या. इस्त्री मुलगीच करत आहे.